क्लॅरिनेटचा सूर: सरळ ठेवावा की हलवावा?

आजचा विषय काहींना आडवळणाचा वाटेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी बँडमधल्या क्लॅरिनेटवर कशाला बोलावं? पण मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न लेखी आले, त्यातला एक आम्हाला फार मोलाचा वाटला. प्रश्न एका तरुण वादकाचा आहे. घरी बँडची परंपरा, आणि स्वतः तो पोलीस भरतीत बँड्समनच्या जागेसाठी तयारी करतोय. त्यानं लिहिलंय, की शिकवणारे सांगतात सूर काठीसारखा सरळ ठेव, अजिबात हलवू नको. घरचे म्हणतात, असं वाजवलं तर तो क्लॅरिनेट नाही, भोंगा. मग ऐकायचं कुणाचं?

वरवर पाहता हा ओठांचा आणि श्वासाचा प्रश्न आहे. पण चांगलं वाजवणं म्हणजे काय, आणि ते ठरवायचं कुणी, हाही प्रश्न त्यात आहे. म्हणून आज आपण हे सगळं नीट उलगडून बघू.

आधी शब्द स्पष्ट करू. लांब स्वर धरला असताना तो नियमित लयीत किंचित वरखाली होतो किंवा कमीजास्त होतो, त्याला पाश्चात्य संगीतात व्हायब्रेटो म्हणतात. प्रशिक्षित गायकाच्या आवाजात हा कंप सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होतो. आपल्याकडे बँडवाले त्याला 'सूर हलवणं' किंवा 'थरथर' म्हणतात. आज आपण 'कंप' हा शब्द वापरू.

क्लॅरिनेटवर हा कंप आणायचे मुख्य मार्ग चार. खालचा जबडा किंचित हलवून रीडवरचा दाब कमीजास्त करायचा, हा एक. ओठ सैल-घट्ट करायचा, हा दुसरा. पोटातून श्वासाचे हलके हेलकावे द्यायचे, हा तिसरा. आणि उघड्या छिद्राच्या तोंडाशी बोट हलवायचं, हा चौथा. युरोपात अठराव्या शतकात बासरीवाले हा बोटाचा प्रकार सर्रास वापरत. आपले बासरीवाले आणि सनईवाले बोटांनी काय काय करतात, ते तर तुम्ही ऐकलेलंच आहे.

आता एक साधी शंका. बासरी हलते, ओबो हलतो, व्हायोलिन तर सतत हलतं. मग एकट्या क्लॅरिनेटलाच 'सरळ राहा' असं का सांगतात? याचं थोडं उत्तर वाद्याच्या घडणीत आहे. क्लॅरिनेटची नळी आतून जवळजवळ सगळीकडे सारख्या रुंदीची, म्हणजे नळकांड्यासारखी असते, आणि रीडच्या बाजूनं ती बंद नळीसारखी वागते. सनईची नळी मात्र खाली रुंद होत जाते. त्यामुळे सनई जोरानं फुंकली की स्वर एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटचा मात्र सप्तकावर थांबत नाही, त्याच्याही वरच्या पंचमावर जातो. याच घडणीमुळे खालच्या पट्टीत क्लॅरिनेटचा नाद पोकळ, गोल आणि शांत लागतो. अशा नादात थोडी हालचालही लगेच उघडी पडते. शिवाय फुंकर वाढवली की बासरीचा सूर चढतो, तर क्लॅरिनेटचा साधारणपणे किंचित उतरतो. म्हणजे नुसत्या श्वासानं हलवायला गेलं, तर आवाज वाढतो त्याच क्षणी सूर खाली येतो. कानाला ते डळमळल्यासारखं लागतं. म्हणून बहुतेक क्लॅरिनेटवाले जबड्याचा आणि ओठांचा आधार घेतात.

दुसरं कारण समूहाचं आहे. लष्करी बँडमध्ये किंवा वाद्यवृंदात अनेक क्लॅरिनेट एकत्र एकच ओळ वाजवतात. आठ जण आठ वेगांनी सूर हलवायला लागले, तर एक स्वर राहत नाही, स्वरांचा घोळका होतो. संचलनात कुणा एकानं उठून दिसायचं नसतं. तेव्हा पोलीस बँडच्या परीक्षेला सरळ सूर मागतात, त्यात परीक्षकांचा हट्ट कमी आणि कामाची गरज जास्त आहे. हे आपण मान्य केलं पाहिजे.

पण इथून पुढे काही लोक आणखी एक पाऊल टाकतात आणि म्हणतात, 'क्लॅरिनेटचा खरा, शुद्ध सूर हा सरळच असतो. कंप म्हणजे अडाणीपणा.' हे पाऊल आम्हाला मान्य नाही. एका कामाची गरज ही त्या वाद्याचा स्वभाव होत नाही. पायजम्याला नाडी लागते म्हणून नाडी हा कापडाचा गुणधर्म ठरत नाही.

इतिहासात पाहिलं तर युरोपातसुद्धा यावर एकमत नव्हतं. क्लॅरिनेट जन्मला जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये, 1700 च्या सुमारास, योहान क्रिस्टोफ डेनर या वाद्य बनवणाऱ्याच्या हातून. मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी 1756 साली व्हायोलिनवर पुस्तक लिहिलं. त्यात प्रत्येक स्वरावर कापत राहणाऱ्या वादकांना त्यांनी चांगलं झापलंय. पण कंप मुळीच करू नये असं त्यांनी म्हटलेलं नाही. तो जागा पाहून करावा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे 1891 मध्ये ब्राम्सनं रिखार्ड म्यूलफेल्ड या वादकाचं वादन ऐकलं आणि त्याच्यासाठी क्लॅरिनेटच्या रचना केल्या. पाश्चात्य क्लॅरिनेटमध्ये त्या आज शिखरावर मानतात. हा म्यूलफेल्ड मूळचा व्हायोलिनवादक, आणि त्याला ऐकलेल्यांच्या आठवणी सांगतात की तो क्लॅरिनेटवर कंप वापरत असे. म्हणजे ज्या रचना आज पुष्कळ ठिकाणी कंपाशिवायच वाजवायला शिकवतात, त्या बहुधा कंपाच्या सुरातूनच सुचल्या. विसाव्या शतकात इंग्लंडच्या रेजिनाल्ड केल यांनी शास्त्रीय वादनात उघडपणे कंप वापरला. त्यावरून टीका झाली आणि कौतुकही झालं. जॅझमधले बेनी गुडमन नाव झाल्यावर पुन्हा शिकायला बसले, ते याच केल यांच्याकडे. आणि न्यू ऑर्लिन्सच्या सिडनी बेशेचा कंप तर इतका रुंद, की दोन सेकंदांत माणूस ओळखू यावा.

आता आपण आपल्या घरी येऊ. सुराच्या कंपाचा विचार सगळ्यात बारकाईनं जिथं झाला, त्यातली एक जागा आपल्या मराठवाड्यात आहे. देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबाद. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ हिशेबखात्याचे प्रमुख होते. घराणं मूळचं काश्मीरचं. दिवसा राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या माणसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. उत्तर हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचे लोक या ग्रंथाला आपला मानतात. धाराशिवचा हा सगळा मुलूख तेव्हा त्याच यादवांच्या सत्तेखाली होता.

या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात गमकाचा विचार आहे. गमक म्हणजे स्वराचा असा कंप, की जो ऐकणाऱ्याच्या मनाला सुख देतो, अशा अर्थाची व्याख्या तिथं केली आहे. शार्ङ्गदेवांनी नुसता 'कंप' म्हणून सोडून दिलेलं नाही हे महत्त्वाचं. त्यांनी गमकाचे पंधरा प्रकार दिले, आणि त्यातल्या कित्येकांची वर्गवारी वेगावर केली. हिशेबनीसच ते! तिरिप अतिशय जलद, स्फुरित त्याहून थोडं संथ, मग कंपित, मग लीन, मग आंदोलित. त्यांच्या मोजणीप्रमाणे आंदोलिताच्या एका झोक्याला कंपिताच्या चौपट वेळ लागतो. म्हणजे सातशे-आठशे वर्षांपूर्वी या मातीत हे ठरलेलं होतं, की 'सूर हलवतोस का?' हा प्रश्नच अपुरा आहे. किती वेगानं हलवतोस, किती रुंद हलवतोस, कुठल्या स्वरावर हलवतोस, हे विचारलं पाहिजे.

रागसंगीतात आजही हाच हिशेब चालतो. भैरवात कोमल रिषभ आणि कोमल धैवत आंदोलित असतात. तो संथ झोका काढून घेतला तर स्वर बरोबर लागतील, पण भैरव उभा राहणार नाही. दरबारी कानड्याचा कोमल गंधारही तसाच. उलट षड्ज आणि पंचम हे आपण अचल स्वर मानतो. सगळं मोजमाप ज्यांच्यावरून होतं, ते स्वर हलवून कसं चालेल? दुकानदारानं तराजूचा काटाच हलता ठेवला, तर वजन काय कळणार? सनईच्या बैठकीत मुख्य वादकाशेजारी एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो. पुष्कळांना वाटतं, हा काही वाजवतच नाही. खरं म्हणजे त्याच्या न हलणाऱ्या सुरामुळेच शेजारच्याचं हलणं ऐकू येतं. लाट दिसायला काठ लागतो, तसं हे आहे.

आता तुम्ही म्हणाल, क्लॅरिनेट विलायती, चाव्यांचं वाद्य. त्याला हे कसं जमणार? पेटीबद्दल असा आक्षेप होता. तिच्यावर मींड आणि आंदोलन निघत नाही, या कारणासाठी आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. पण क्लॅरिनेटची गोष्ट वेगळी. त्याला चाव्या असल्या तरी बोटांखाली उघडी छिद्रंही असतात, आणि रीड वादकाच्या ओठात असते. बोट हळू सरकवलं, ओठ सैल केला की स्वर वाकतो. तमिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीतातली अवघड गमकं क्लॅरिनेटवर वाजवून दाखवली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी. त्यांनी क्लॅरिनेटवर हिंदुस्थानी राग मांडले. रायचूर आणि धाराशिव हे दोन्ही जिल्हे एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातले, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

मग आपल्या लग्नातल्या बँडचा कंप कुठून आला? तो एका ठिकाणाहून आलेला नाही. वाद्य आलं ते इंग्रजांच्या छावण्यांतून आणि संस्थानांच्या फौजी बँडांतून. ते ज्यांच्या हाती पडलं, त्यांच्या कानात आधीपासून सनई होती. पुढे चित्रपटाची गाणी आली, आणि क्लॅरिनेटकडे गाण्याची मुख्य ओळ, म्हणजे गायिकेची जागा आली. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटवरच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या एकेकाळी घरोघरी वाजत. खाली ताशा आणि ढोल, शेजारी ट्रम्पेट, भोवती वऱ्हाड. या गलक्यात एका क्लॅरिनेटला गळ्यासारखं गायचं आहे. हलता सूर समूहातून वेगळा उठून ऐकू येतो, म्हणून तर गायक आणि एकल वादक कंप वापरतात. तेव्हा ज्या कारणानं पोलीस बँडमध्ये कंप नको, बरोबर त्याच कारणानं तो वरातीत हवा आहे. एके ठिकाणी मिसळायचं आहे, दुसऱ्या ठिकाणी उठून यायचं आहे.

इथं एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. वाजवण्याचं काम आपल्या समाजानं जन्मावरून वाटून दिलं होतं. मातंग, गुरव, घडशी आणि इतर काही समाजांच्या वाजवण्याशिवाय लग्न लागत नव्हतं, पण त्यातल्या कित्येकांना त्याच मांडवात पंगतीला बसायला जागा नव्हती. त्यामुळे 'बँडवाल्यासारखं वाजवू नकोस' असं कुणी म्हणतं, तेव्हा आमचे कान टवकारतात. हा सुरावरचा अभिप्राय आहे, की माणसावरचा? मैफलीत गायकाचा स्वर झुलला की आपण डोळे मिटून मान हलवतो. तसाच झुला वरातीत वाजला की म्हणतो, 'काय रडतंय!' एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन मापांनी मोजली, तर तो रसिकपणा नाही, तो पूर्वग्रह आहे. आणि त्याची किंमत त्या मुलांना मोजावी लागते, ज्यांना परीक्षेसाठी शिकता शिकता घरचं वाजवणं लाजिरवाणं वाटायला लागतं.

पण म्हणून घरचं सगळंच बरोबर, असंही नाही. न्याय लावायचा तर दोन्ही बाजूंना लावला पाहिजे. कंपाचे दोन प्रकार असतात. एक केलेला, दुसरा झालेला. केलेला कंप वादकाच्या इच्छेनं सुरू होतो आणि इच्छेनं थांबतो. झालेला कंप थकलेला ओठ, तुटका श्वास, जुनी रीड किंवा नुसती सवय यातून येतो. आमच्या वयात बोलताना आवाज आपोआप कापतो. त्याला कुणी गमक म्हणू नये, ते वय आहे. वैशेषिक दर्शनात एक सिद्धान्त आहे, की गुणाच्या ठिकाणी दुसरा गुण राहत नाही, आणि हालचाल राहते ती द्रव्यात. आता शब्द, म्हणजे आवाज, हा त्यांच्या मते आकाशाचा गुण. तेव्हा काटेकोर बोलायचं तर 'सूर हलतो' हे म्हणणंच बरोबर नाही. हलतो तो ओठ, बोट, श्वास. हलवतो माणूस. आम्हाला या प्रश्नात तो सिद्धान्त फार उपयोगी वाटतो. कारण मग आपण सुराला दोष देत बसत नाही. आपण विचारतो, हे हलवलं कुणी, आणि का?

आपल्याच तालुक्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. संतमंडळी जमली असताना त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं मडकं तपासलं, आणि नामदेवांचं कच्चं निघालं. कथेचा आध्यात्मिक अर्थ बाजूला ठेवू. कुंभाराची ती परीक्षा मात्र आपल्या कामाची आहे. पक्कं भाजलेलं मडकं टिचकी मारली की खणखणीत बोलतं. कच्चं मडकं कितीही रंगवलं तरी बद्द वाजतं. सरळ सूर ही क्लॅरिनेटची टिचकी आहे. ज्याला सरळ सूर धरता येत नाही, त्याचा कंप हा कच्च्या मडक्यावरचा रंग आहे.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचं उत्तर असं. शिकवणाऱ्यांचं ऐकावं, आणि घरच्यांचंही सोडू नये. ही दोन्ही कौशल्यं आहेत, आणि एका माणसाला दोन्ही येऊ शकतात. घरी एक बोली आणि परीक्षेत दुसरी, हे आपण मराठवाड्यातली माणसं लहानपणापासून करत आलोय. त्यानं आपली बोली खोटी ठरत नाही.

सरावासाठी काही गोष्टी सुचवतो. मोबाईलवर तंबोऱ्याचा आवाज लावावा आणि षड्ज धरावा, एका श्वासात जेवढा टिकेल तेवढा, अजिबात न हलवता. रोज दहा मिनिटं. सूर आपोआप हलायला लागला, की तिथं थांबून श्वास आणि ओठ तपासावेत. हे जमू लागलं, की घड्याळाच्या सेकंदाला एक झोका, मग दोन, मग तीन, असा कंप मुद्दाम मोजून करावा. आणि मध्येच, ठरवून, तो थांबवून सूर पुन्हा सरळ करावा. थांबवता आला तर तो कंप तुमचा. नाही थांबवता आला, तर तुम्ही त्याचे. त्यानंतर भैरवाचा कोमल रिषभ घ्यावा, आणि जलद थरथर न करता संथ आंदोलन करून पाहावं. फरक पहिल्याच दिवशी कानाला कळेल.

गाणी वाजवताना प्रत्येक स्वर हलवू नये. लांब स्वर आधी सरळ लावावा, मग शेवटाकडे हळूच झुलवावा. पाठवणीच्या गाण्यात तो थोडा जास्त चालतो, नाचाच्या गाण्यात जवळजवळ नकोच. आणि हल्ली बँडच्या गाडीवर माईक असतो. क्लॅरिनेट माईकजवळ गेलं की लहानसा कंपही मोठा होऊन बाहेर येतो. वडिलांच्या काळी उघड्या रस्त्यावर जेवढा हलवावा लागे, तेवढा आता लागत नाही. परंपरा पाळायची म्हणजे तिचं कारण पाळायचं. कारण बदललं तर माप बदलायला हरकत नाही.

एक गोष्ट सांगून थांबतो. आज बँडची जागा कॅसिओनं आणि डीजेनं घेत आणली आहे. कॅसिओवर सूर थरथरवायची सोय असते. ती चालू केली की सगळे स्वर एकाच मापानं थरथरतात, षड्जही आणि रिषभही, पाठवणीचे आणि वरातीचेही. त्यात कुणी काही ठरवलेलं नसतं. क्लॅरिनेटवाला मात्र दर स्वराला ठरवतो, की हा धरू की झुलवू. हे ठरवणं म्हणजेच वाजवणं, असं आम्हाला वाटतं. येत्या लग्नसराईत तुमच्या दारावरून वरात जाईल, तेव्हा मिनिटभर थांबून त्याचा लांब सूर ऐका. आवडला तर त्याला जवळ जाऊन तसं सांगा. त्याला पैसे देणारे भेटतात, ऐकलं म्हणून सांगणारे फार कमी भेटतात.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.